महीच्या कोतरात शरीराने काम करताना जमीन नुसता पडदा होऊ नये, यासाठी काय करावे?

मातीची_रेघ (वडोदरा)

नमस्कार. मी बाबाजीपुऱ्यात राहते. अकरा वर्षे भरतनाट्यम शिकल्यावर आता एका कलासंस्थेत पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे काम परफॉर्मन्स आर्टचे आहे, म्हणजे ज्यात कलावंताचे स्वतःचे शरीर, त्याने दिलेला वेळ आणि त्याने निवडलेली जागा यांतूनच कलाकृती उभी राहते. प्रश्न थोडा लांब आहे, पण पूर्ण वाचावा ही विनंती.

गेल्या पौषात मी वडोदऱ्याजवळच्या सिंधरोट गावाच्या बाजूला, मही नदीच्या कोतरांत एक काम केले. ज्यांनी ती जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: नदीने हजारो वर्षांत आणून टाकलेल्या पिवळसर गाळाचे उंच कडे पावसाच्या पाण्याने चिरत गेले आहेत आणि त्यांतून घळींचे असे जाळे झाले आहे, की वीस पावले आत गेल्यावर नदीही दिसत नाही आणि वरची शेतेही दिसत नाहीत. मही या शब्दाचा अर्थच पृथ्वी, आणि त्या घळीत उभे राहिल्यावर तो अर्थ खरोखर अंगाला भिडतो. मी मातकट रंगाची साडी नेसले, अंगाला तिथलीच माती लावली, उतारावर आडवी झाले, कड्याला पाठ लावून उभी राहिले आणि काही ठिकाणी नृत्यातले अडवू, म्हणजे पदन्यासाचे मूळ घटक, केले. मैत्रिणीने तिपाईवर कॅमेरा लावून सर्व चित्रित केले आणि आम्ही त्यातून बावीस मिनिटांची चित्रफीत तयार केली.

परीक्षणाच्या वेळी मला एकच प्रश्न विचारला गेला: "जमीन इथे तुमच्या मागे लावलेला पडदा आहे. हेच सगळे स्टुडिओत, मागे मातकट कापड टांगून केले असते, तर काय बिघडले असते?" मला उत्तर देता आले नाही. गुण कमी मिळाल्याचे दुःख केव्हाच ओसरले, पण उत्तर सुचले नाही ही बोच अजून आहे, कारण मी ती जागा मनापासून निवडली होती.

आमच्या आजीने ती चित्रफीत माझ्या मोबाइलवर शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "अगं, तू कुठे दमलेली दिसत नाहीस." तिने चैत्रात तिलकवाड्याला नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा, म्हणजे नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्या पट्ट्याची प्रदक्षिणा, दोनदा पायी केली आहे. तिचे हे वाक्य मला परीक्षकांच्या वाक्याचाच दुसरा भाग वाटते, पण दोन्ही एकत्र कसे जुळतात ते मला मांडता येत नाही.

मला विचारायचे ते असे. जमीन केव्हा पडदा असते आणि केव्हा ती कामात सहभागी होते, हे करणाऱ्याला करतानाच कसे ओळखता येईल? आणि वारीत, परिक्रमेत, लोटांगणात आपल्याकडे शरीर जमिनीशी जे करत आले आहे, त्यापुढे माझ्यासारखीने कोतरात जाऊन वेगळे काय करायचे? या मार्गशीर्षात मला त्याच जागी पुन्हा काम करायचे आहे.

ओला_साचा (दांडिया बाजार)

मी आयुष्यभर शिल्पकला शिकवली. वयाने बराच मोठा असल्यामुळे एकेरीत लिहितो, राग नसावा.

परीक्षकांचे वाक्य कठोर असले तरी टाकाऊ नाही, आणि तुझ्या आजींचे वाक्य तर फारच मोलाचे आहे. आपल्या शहरात १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा इंदुरात जन्मलेले ना. श्री. बेंद्रे इथे शिकवायला आले आणि निसर्गचित्राची एक उत्तम परंपरा इथे रुजली. निसर्गचित्रकार दृश्यासमोर अंतर राखून बसतो. डोळ्याला काम करता यावे म्हणून त्याचे शरीर स्थिर राहते आणि दृश्य चौकटीत बसते. तुझ्या मैत्रिणीने तिपाई रोवली तेव्हा नकळत तीच चौकट आखली गेली, आणि तू त्या चौकटीत जाऊन चित्रातली आकृती झालीस. पडदा तिथून आला.

याच विद्याशाखेतून १९९९ साली बाहेर पडलेल्या निखिल चोप्रा यांचे काम तू पाहिले असशील. निसर्गचित्रे काढणाऱ्या आपल्या आजोबांवरून त्यांनी योगराज चित्रकार नावाचे पात्र घडवले. हे पात्र तासन्‌तास, काही वेळा सलग काही दिवस, कोळशाने भोवतालचे दृश्य काढत राहते. जेवणे, झोपणे, वेश बदलणे हे सर्व प्रेक्षकांसमोर त्याच कामाचा भाग म्हणून घडते. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते असेच नऊ दिवस राहिले. त्यांच्या कामात निसर्गचित्र हे थकत जाणाऱ्या शरीराचे फलित असते, आणि आजींनी तुला जे विचारले त्याचे उत्तर मला तिथे सापडते.

आता दोन जुनी उदाहरणे जरा बारकाईने पाहू. १९६७ साली रिचर्ड लाँग हा लंडनमध्ये शिकणारा विद्यार्थी एका कुरणात सरळ रेषेत पुढे-मागे चालत राहिला. दबलेल्या गवतावर ऊन पडून ती रेषा दिसू लागली तेव्हा त्याने तिचे छायाचित्र घेतले. त्या छायाचित्रात तो स्वतः नाही. किती फेऱ्या घालायच्या हे तिथे गवताने ठरवले, कारण गवत लवकर उठून उभे राहिले असते तर त्याला आणखी चालावे लागले असते. दुसरे उदाहरण डेनिस ओपेनहाइमचे. १९७० साली तो न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर छातीवर उघडे पुस्तक ठेवून पाच तास उन्हात पडून राहिला; पुस्तक उचलल्यावर भाजलेल्या लाल कातडीवर पुस्तकाच्या आकाराचा पांढरा चौकोन उरला. पहिल्या कामात शरीराने जमिनीवर खूण केली आणि दुसऱ्यात सूर्याने शरीरावर. तुझ्या बावीस मिनिटांत कोणी कोणावर कोणती खूण केली, हे आधी शोध. अंगाला माती लावलीस ती खूण मी धरत नाही, कारण ती तू आरशात पाहून लावल्यासारखी लावलीस आणि घरी येऊन धुतलीस.

आना मेंदिएता हे नाव तुझ्या विषयात तुला शंभरदा ऐकवले गेले असेल, म्हणून एकच गोष्ट सांगतो. क्युबात जन्मलेल्या या मुलीला १९६१ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, आईवडिलांवाचून अमेरिकेला पाठवले गेले. १९७३ मध्ये मेक्सिकोतल्या यागुल येथे ती एका प्राचीन थडग्यात पांढऱ्या फुलांखाली आडवी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तिने आपले शरीर कामातून हळूहळू काढून घेतले आणि मागे फक्त त्याचा आकार ठेवला. १९७६ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर तिने वाळूत तो आकार कोरून त्यात लाल रंग भरला आणि लाटांनी तो धुऊन नेईपर्यंतची छायाचित्रे घेतली. जिची भूमी तुटली होती तिने हे केले, म्हणून ते तिच्या गरजेतून आले आहे. तू तर महीपासून तासाभराच्या अंतरावर राहतेस आणि मनात येईल तेव्हा तिथे जाऊ शकतेस, तेव्हा तुझी गरज निराळी असणार. ती कोणती, हे तुझे तुलाच ठरवावे लागेल.

शेवटी एक अगदी व्यावहारिक गोष्ट विचारतो. अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याची स्थिती, सपाट, टणक जमीन गृहीत धरते. गाळाच्या उतारावर अरमंडीत बसून तट्टडवू, म्हणजे पाय आपटण्याचा अडवू, केला, तर तिसऱ्या-चौथ्या पदाघाताला टाच सरकलीच पाहिजे. तुझ्या चित्रफितीत ती सरकलेली दिसते का, की संकलनात कापली?

रेवातीर (रावपुरा)

मुली, तुझ्या आजींना माझा नमस्कार सांग.

मी निवृत्तीनंतर नर्मदेची पूर्ण परिक्रमा पायी केली. मैया सुमारे १३०० किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही तीर मिळून २६०० किलोमीटरच्या वर चालणे होते. जुन्या रीतीने तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात, कारण चातुर्मासात एका जागी थांबायचे असते. हल्ली बहुतेक जण सलग चालून काही महिन्यांत पूर्ण करतात. नियम थोडेच आहेत, पण ते तुम्हाला कोठेही मोकळे सोडत नाहीत. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही. समोरच्या तीरावरचे गाव हाकेच्या अंतरावर दिसत असते, तिथे ओळखीचे लोक असतात, पण तिथे पोहोचायला तुम्हाला उगमाला नाहीतर समुद्राला वळसा घालावा लागतो. माझ्या दृष्टीने शरीर आणि जमीन यांचे नाते त्या एका नियमात आहे. नियम नसता तर मी सोयीची वाट धरली असती, आणि सोयीच्या वाटेवर जमीन कळत नाही.

कार्तिकात निघालो तेव्हा शेतांत ओल होती. काळ्या मातीचा चिखल चपलेला धरतो आणि प्रत्येक पावलागणिक थर वाढत जातो. दहा पावलांत पाय इतका जड होतो की काठीने चिखल खरवडल्याशिवाय अकरावे पाऊल उचलत नाही. पुढे वाळू लागली की पोटऱ्या भरून येतात, आणि खडक लागला की गुडघे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून मला पहाटेच्या अंधारात खाली न बघता पायानेच कळू लागले, की आता शेत संपून पायवाट लागली आहे किंवा पाणी जवळ आहे. हे मी मुद्दाम शिकले नाही. सरदार सरोवराच्या जलाशयाखाली शूलपाणीच्या झाडीतली जुनी वाट गेली आहे, तिथे आता डोंगरातून लांबून जावे लागते, आणि जे गाव बुडाले त्याचे नाव वाटेतली माणसे सांगतात तेव्हा चढणीचा शीण वेगळाच लागतो. बुडालेल्या जमिनीचे वजनही पायांवर येते असे मला वाटले.

पण तुझ्या प्रश्नातल्या एका गोष्टीला माझी स्पष्ट हरकत आहे. परिक्रमा आणि वारी यांना कोणी परफॉर्मन्स आर्ट म्हणू नये. परिक्रमावासी कोणाला दाखवण्यासाठी चालत नाही; वाटेत सदावर्त घालणारा त्याला पाहतो तो प्रेक्षक म्हणून पाहत नाही, सेवा म्हणून त्याला भाकरी देतो. गरुडेश्वरी १९१४ साली समाधिस्थ झालेले टेंबे स्वामी उभा देश पायी फिरले, ती चाल कोणत्याही कलाकृतीच्या मापाने मोजता येणार नाही. तुला आमच्याकडून घ्यायचे असेल तर वेश, गजर आणि झोळी घेऊ नकोस. नेम घे. एकच घे, लहान घे, पण असा घे की तो पाळताना जमीन तुला नको तिथे नेईल.

लाल_माती (वाडी)

ताई, मी आखाड्यात मुलांना शिकवतो. आपल्या शहरात गायकवाडी अमलापासून आखाड्यांना मान होता, जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांच्यामुळे तर हे शहर व्यायामासाठी देशभर ओळखले गेले. आमचा आखाडा लहान आहे, पण माती जुनी आहे.

तुम्ही सर्व जण जमीन म्हणजे आपोआप तिथे असलेली गोष्ट असे धरून बोलत आहात. कुस्तीच्या हौद्यातली माती आपोआप नसते. चाळलेली तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव घालतात, आणि रोज पहाटे ती फावड्याने उकरून, भुसभुशीत करून, पाणी शिंपडून तयार करतात. एक दिवस उकरली नाही तर ती बसते आणि दुसऱ्या दिवशी पडणाऱ्याचा खांदा धरते. नव्या मुलाला मी पहिले दोन महिने डाव शिकवत नाही, मातीच उकरायला लावतो. पाठ आणि मनगट तयार होते हे त्याचे एक कारण. दुसरे असे की ज्याने माती उकरली आहे त्याला पडायचे कसे हे सांगावे लागत नाही, कोणत्या कोपऱ्यात माती खोल आहे आणि कुठे कडक आहे ते त्याच्या अंगाला ठाऊक असते. पाठीला माती लागणे म्हणजे हार, तरी सलामीला तीच माती कपाळाला लावतात. तुम्ही कोतरात जाऊन आडव्या झालात, पण त्या मातीसाठी आधी काही केले होते का, एवढेच मला विचारायचे आहे.

ओला_साचा (दांडिया बाजार)

वरील प्रतिसाद वाचून राहवले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. १९५५ साली तोक्योमध्ये गुताई या जपानी कलावंतांच्या गटाच्या प्रदर्शनात काझुओ शिरागा नावाचा चित्रकार आखूड चड्डी घालून चिखलाच्या ढिगात उतरला आणि त्याच्याशी झुंजला. मागे राहिलेला तुडवलेला चिखल हेच त्याचे चित्र. ते छायाचित्र मी विद्यार्थ्यांना दाखवत असे तेव्हा एखादा तरी विद्यार्थी म्हणायचा की हे तर आपल्या तालमीत रोज होते. मी तेव्हा फरक सांगत असे, की पैलवानाचा प्रतिस्पर्धी माणूस असतो आणि शिरागाचा प्रतिस्पर्धी चिखलच होता. आज वाटते की मी अर्धेच सांगत होतो. पैलवान मातीची निगा राखतो, ही गोष्ट मी कधी लक्षातच घेतली नाही.

जपानमध्येच मिन तानाका या नर्तकाने १९८५ मध्ये यामानाशी प्रांतातल्या हाकुशू गावी शेत धरले. त्याच्या शिष्यांनी आधी शेतात राबायचे आणि त्या राबण्यातून आलेल्या शरीराने नाचायचे, असा तो प्रकार होता. त्याने आपल्या पद्धतीला शरीराचे हवामान अशा अर्थाचे नाव दिले आहे. लाल_माती यांनी दोन महिन्यांच्या उकरण्याबद्दल जे लिहिले, ते या नर्तकाला एका वाक्यात कळले असते.

विश्वामित्रीकाठ (कारेलीबाग)

मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बचावाचे काम करतो, म्हणून माझा प्रतिसाद कलेबद्दल नाही, पण तुम्ही जाण्याआधी तो वाचावा.

महीतही मगरी आहेत. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या मगरी २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात शहराच्या रस्त्यांवर आल्या तेव्हा सर्वांनी पाहिल्या, महीतल्या दिसत नाहीत एवढाच फरक. थंडीत मगरीला अंग तापवण्यासाठी काठावर ऊन खात पडावेच लागते, कारण तिच्या शरीराची उष्णता बाहेरून येते, आणि तिचा रंग ओल्या गाळाचाच असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर ती काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि त्या काळात मादी जागा सोडत नाही. म्हणून पाण्याच्या कडेला आडवे पडण्याचे कोणतेही काम करू नका, आणि फेब्रुवारीच्या पुढे तर घळीच्या नदीकडच्या तोंडाशी जाऊच नका. तुम्हाला मोकळी वाटणारी ती जागा कोणाची तरी वापरातली जागा आहे, हे तुमच्या विषयातही बसत असावे.

दुसरे, कोतराचा कडा भिंतीसारखा सरळ उभा दिसतो म्हणून तो पक्का नसतो. पाऊस मुरल्यावर त्याचा आख्खा काप सुटून खाली येतो. तुमच्या उंचीपेक्षा उंच कड्याला टेकून उभे राहणे धोक्याचे आहे. गेल्या वर्षी तुम्ही ते केलेत हे वाचून मला खरोखर काळजी वाटली. कड्यातल्या बिळांत हात घालू नका, कोरड्या कोतरांत फुरसे असते. अंगावर ओरखडे असताना साचलेल्या किंवा सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात उतरू नका, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. जाताना दोघींहून अधिक जणी जा आणि वरच्या शेतकऱ्याला सांगून खाली उतरा.

फ्रेमबाहेर (इंदूर)

कॅमेऱ्याविषयी थोडेसे. तिपाई लावली म्हणून जमीन पडदा झाली, हे ओला_साचा यांचे मत मला पूर्ण पटत नाही. अतुल भल्ला यांनी २००५ साली दिल्लीत यमुनेत उभे राहून छायाचित्रांची एक मालिका केली. त्यात चौकट हलत नाही आणि एकेका छायाचित्रागणिक माणूस पाण्यात खाली खाली जात अखेरीस दिसेनासा होतो. चौकट स्थिर आहे म्हणूनच पाण्याची पातळी हनुवटीशी आली, ओठांशी आली, हे आपल्याला मोजता येते, आणि ते कोणते पाणी आहे हे ठाऊक असल्यामुळे पाहणाऱ्याचाही श्वास अडखळतो. मेंदिएताही बहुतेक वेळा प्रेक्षकांशिवाय काम करत असे आणि स्लाइड्स व सुपर एट फिल्म एवढेच मागे ठेवत असे. प्रश्न तिपाईचा नसून कॅमेरा कशाचा साक्षीदार आहे हा आहे. तुमच्या बाबतीत तो साडीच्या रंगाचा साक्षीदार झाला असावा.

मातीची_रेघ (वडोदरा)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी जाऊन येणे गरजेचे वाटले.

ओला_साचा काकांनी विचारले होते, म्हणून मूळ चित्रीकरण पुन्हा काढून पाहिले. ते एक तास पन्नास मिनिटांचे आहे. त्यात माझी टाच अकरा वेळा सरकली आहे, दोनदा मी हात टेकले आहेत, आणि एकदा कड्यातला चुनखडीचा खडा पाठीत रुतल्यामुळे मी कळवळून बाजूला झाले आहे. हे सगळे क्षण मी स्वतः बसून कापले होते. जमीन जिथे जिथे बोलली होती तेवढेच भाग मी नेमके काढून टाकले आणि उरलेले परीक्षकांना दाखवले, हे कळल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर मला का देता आले नाही ते समजले.

गेल्या रविवारी आम्ही चौघी गेलो. रेवातीर आजी, तुमच्या सांगण्याप्रमाणे एकच नेम घेतला: डावा तळहात घळीच्या भिंतीवर ठेवायचा आणि घळीच्या माथ्यापासून तिच्या तोंडापर्यंत तो उचलायचा नाही. जिच्या भिंती जास्तीत जास्त माझ्या खांद्याइतक्या आहेत अशी उथळ घळ शोधली आणि पाण्यापासून पन्नास पावले अलीकडे काम संपवायचे ठरवले. सरळ चालत गेले तर ती वाट दहा मिनिटांची आहे. मला दोन तास चाळीस मिनिटे लागली. घळीला डावीकडून जितके फाटे फुटतात त्या प्रत्येकात हात मला आत घेऊन गेला, त्याच्या टोकापर्यंत नेले, आणि समोरच्या भिंतीवरून फिरवून परत आणले. अशा सात फाट्यांपैकी तीन तर गेल्या वर्षी मला दिसलेही नव्हते. एका ठिकाणी फाटा इतका अरुंद झाला की मला बसून, मग कुशीवर सरकत जावे लागले, आणि तिथे जी अंगस्थिती झाली ती मी शिकलेल्या कोणत्याही अडवूत नाही.

हाताला काय कळले ते लिहून ठेवले आहे. सावलीतला गाळ गव्हाच्या पिठासारखा गार आणि मऊ लागतो, आणि वळणावर ऊन आले की तोच खरखरीत होतो. मध्ये एक हातभर जाडीचा थर चुनखडीच्या खड्यांचा आहे. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण तळहाताला दर वेळी आधी समजला, आणि चौथ्या फाट्यापर्यंत त्याने अंगठ्याखालची कातडी सोलून काढली. तिथून पुढे माझा वेग तो थर ठरवू लागला. शेवटी मी दमले होते, आजी, आणि ते दिसते. मैत्रिणीने फक्त दोन छायाचित्रे घेतली आहेत, निघण्यापूर्वीच्या तळहाताचे आणि नंतरच्या. भिंतीवर मात्र साधारण छातीच्या उंचीला एक गुळगुळीत रेघ जवळजवळ सलग उमटली आहे. ती पहिल्या पावसापर्यंत राहील असे वाटते.

एक शंका आहे. पाचव्या फाट्यात भिंतीत बिळे होती. विश्वामित्रीकाठ यांनी बजावल्याप्रमाणे तिथे मी तळहात उचलला आणि बिळे नसलेल्या जागी खांदा टेकवून पाच-सहा पावले सरकले. त्यामुळे नेम मोडला का?

आणि लाल_माती काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. त्या मातीसाठी मी आधी काहीच केले नव्हते. कोतरात जाऊन माती उकरणे योग्य होणार नाही, ते मला कळते. पण माती उकरणे म्हणजे काय ते मला एकदा शिकायचे आहे. आपल्या आखाड्यात पहाटे येऊन ते काम करण्याची परवानगी मिळेल का?

रेवातीर (रावपुरा)

खांदा टेकवलास, म्हणजे अंग जमिनीपासून सुटले नाही. बिळात राहणाऱ्याची जागा सोडून जाणे हेही नेमातच येते. आम्हीही वारुळ लागले की वळसा घालत असू, फक्त नदी उजवीकडे आहे ना एवढे पाहायचे.

लाल_माती (वाडी)

परवानगी कसली, यावे. आता आमच्याकडे पाच मुलीही खेळतात. सोमवारी पहाटे साडेपाचला फाटक उघडते. तळहाताची जखम भरून आली असेल तरच फावडे धरा, नाहीतर आणखी एक आठवडा थांबा. येताना घरचे आंबट ताक मिळाले तर तांब्याभर आणा, या वेळच्या मातीत ते घालायचे राहिले आहे.